माळ्यावरची हिरवी वायर

आप्पा, कळंब्याच्या त्या घराचं काम संपून आज महिना झाला. तलावाच्या अलीकडचं घर. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा चारी बाजूंनी ऊस होता आणि मधोमध एकटं नवं घर, दारात चार म्हशी. तुमच्या मोपेडवर पुढं वायरची बंडलं, मागं मी आणि माझ्या मांडीवर बोर्डांची पिशवी. आता तिथं ऊस शोधून सापडत नाही. दोन्ही अंगांना चार-चार मजले उभे राहिलेत आणि म्हशींच्या जागी गाडी असते. घरात मात्र वायरींसाठी तुम्ही मारलेल्या लाकडी पट्ट्या भिंतींवर तशाच सरळ आहेत, एवढ्या वर्षांत एक खिळा सुटलेला नाही. मी आत शिरले आणि आधी पट्ट्यांकडं बघितलं, माणसांकडं नंतर.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. गरज पडली नाही. शिडीवर चढलं की तुमच्याशी बोलणं होतंच, कधी भांडण, कधी नुसतं विचारणं, की आप्पा, इथं अडीचची वायर टाकू की चारची. पण कळंब्याचं प्रकरण तसं शिडीवर बोलता येईना. महिनाभर तोंडाशी येतं आणि परत जातं. म्हणून आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून कागद घेतला. राजारामपुरीतलं दुकान तेच आहे, पाटीवर नाव अजून तुमचंच आहे. वर आता कोचिंग क्लास झालाय, दर तासाला जिन्यावरून दोनशे चपला उतरतात.

मी थकलेय आप्पा. तुम्हाला हे आवडणार नाही, तुम्ही पासष्टाव्या वर्षी माळ्यावर चढत होता आणि मी एक्कावन्नाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून चढते. पण नुसत्या गुडघ्यांचं नाही. लोकांना बटणांचा रंग निवडायला चार दिवस लागतात. मोबाईलवर फोटो दाखवतात, छतातून असा उजेड पाझरला पाहिजे म्हणतात. भिंतीच्या आत कुठली वायर जाणार, गिझरला वेगळी लाईन घेतली का, अर्थिंगचं काय, हे विचारणारा वर्षात एखादा. मी आपणहून सांगायला लागले की तोंड वाकडं करतात, बाई उगाच काम वाढवायलीय अशी नजर असते. आणि जुनं गिऱ्हाईक असेल तर शेवटी एक वाक्य ठरलेलं, "आप्पांचा हात वेगळा होता." बावीस वर्षं ऐकतेय. पहिली काही वर्षं ऐकून छाती भरून यायची. नंतर नुसतं ऐकायला लागले.

कळंब्याहून फोन आला तो त्या घरातल्या सुनेचा. तिनं नंबर कुठून मिळवला कोण जाणे, कारण तुम्ही गेल्यावर त्या घरातून मला कधी बोलावणं आलं नव्हतं. तिचे सासरे, आपले घरमालक काका, बटणं स्वतः बदलायचे. पोरीला काय जमतंय, असं त्यांना वाटत असावं. सून म्हणाली, "ताई, आमच्या फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात. मला लग्न होऊन आल्या दिवशी सासूबाईंनी शिकवलं, फ्रीज उघडायचा तर पाटावर उभं राहायचं. मी शिकले. पण माझी पोरगी दोन वर्षांची हाय. तिला कसं शिकवू? परवा ओल्या हातानं धरलं आणि किंचाळलीच."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. फ्रीजपुढं खरंच पाट होता. जेवायला घ्यायचा तसला, शिसवी, पावलं ठेवायच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. काकू आता पंच्याहत्तरीच्या असतील. मला बघून त्यांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं फ्रीजला काय झालं न्हाय. ते माझ्या अंगातच हाय. ह्या घरात आल्यापास्नं माझ्या बोटांत मुंग्या हायत. डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत की." मी म्हटलं, मग सूनबाईच्या बोटात कशा आल्या? तर म्हणाल्या, "तिला बी आल्या बघ. घराण्यातच हाय जणू." सून घराण्यात नुकती आलेली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला हसू आलं नाही. आपल्या बायका स्वतःच्या अंगावर किती गोष्टी घेतात. घरातल्या पुरुषांना त्या मुंग्या कधी आल्या नाहीत, कारण त्यांनी फ्रीज कधी उघडलाच नाही. त्यांना पाणी हातात मिळायचं.

काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. ऐकू कमी येतं, म्हणून आवाज दुप्पट. "कुणाला बी ह्या वायरिंगला हात लावू दिला न्हाय मी. पोरगा म्हणतोय बदलू, बदलू. म्हटलं, आप्पांचं काम हाय हे, मी मेल्यावर बदला. त्यांनी केलेल्यात चूक निघायची न्हाय. फ्रीज दोनदा बदलला आम्ही, पण वायर न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू तवा बंडल धरून मागं मागं असायचीस न्हवं?" मी मान हलवली.

मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकले, बोर्डांच्या आतली जोडणी बघून घेतली. मग परत चालू करून तुमच्याच पद्धतीनं तपासलं. माझ्याकडं आता मीटर आहे, पण जुन्या घरात शिरले की मी अजून होल्डरला बल्ब लावून दोन वायरी काढते. एक टोक फेजला, एक अर्थिंगला. हॉलमध्ये बल्ब लख्ख पेटला. झोपायच्या खोलीत पेटला. स्वयंपाकघरात पेटला नाही. दोन्ही बोर्डांवर बघितलं, नाही. मागच्या दारी जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितला तर असला ओला, असला निकोप, की नव्या इमारतींत बघायला मिळत नाही. काकू माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या आप्पांनी सांगितलतं, ह्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घालत जावा, माती वाळू द्यायची न्हाय, म्हंजे तुम्हाला धोका न्हाय. तुळशीला घालतो तवा हितं बी घालतो. एक दिवस चुकवला न्हाय बघ." मला त्यांच्याकडं बघवेना. ज्या खड्ड्याला ही बाई बत्तीस वर्षं पाणी घालत होती, त्याला तिचं स्वयंपाकघर जोडलेलंच नव्हतं.

परत मेन बंद केला आणि माळ्यावर चढले, स्वयंपाकघराच्या वरच्या. लोणच्याच्या बरण्या, पितळी घागरी, कुणाचा तरी पाळणा. सगळं सरकवून जोडणीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि मोबाईलचा उजेड मारला. लाल वायर लालला जोडलेली, काळी काळीला. आणि स्वयंपाकघरातून आलेली हिरवी वायर परत मागं दुमडून, टोकाला टेप गुंडाळून, कोपऱ्यात सारून ठेवलेली. जोडलेलीच नाही. लाल-काळ्याचे पीळ बघितले आणि मी त्या घागरींच्या मध्ये खालीच बसले. पीळ उलटे होते, डाव्या हाताचे.

आप्पा, तुमचा हात वेगळा होता हे खरं आहे. तुमचा पीळ उजवीकडं जायचा, माझा डावीकडं. सुरुवातीला तुम्ही माझा डावा हात धरून उजव्यात पक्कड द्यायचा. महिनाभरानं नाद सोडलात आणि म्हणालात, "असू दे. पक्का बसतोय तवर कुठल्या बी बाजूनं फिरीव. तुझं काम मला कुठं बी ओळखू येईल." मलाही आलं.

तुम्ही विचाराल, तुला हिरव्या वायरीचं महत्त्व माहीत नव्हतं का? होतं की. सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी आठवी-नववीत असेन. आईच्या इस्त्रीची पिन तुटली म्हणून मी हौसेनं दोन काट्यांची पिन बसवली, हिरवी वायर कुठं लावायची कळेना म्हणून कापून टाकली. इस्त्री गरम झाली, आई खूश, मी त्याहून खूश. तुम्ही कामावरून आलात, पिनेकडं बघितलंत, आणि हातपाय न धुता स्वयंपाकघरात खाली बसून पिन खोललीत. मी शाबासकीची वाट बघत होते. तुम्ही विचारलंत, "लाल वायर करंट आणती, काळी परत नेती. ही हिरवी काय करती?" मी म्हटलं, काही नाही. म्हणालात, "बरोबर. सगळं ठीक असंल तर ही जन्मभर काय बी करत न्हाय. न्हाय जोडली तरी दिवा लागतो, इस्त्री तापती, कुणाला कळत न्हाय. पण आतली वायर सुटून लोखंडाला चिकटली की करंटला जमिनीत जायला रस्ता पायजे. ही असली तर तो हिच्यातनं जातो, फ्यूज उडतो, लाईट जाती, तुझी आई मला चार शिव्या घालती. ही नसली तर रस्ता तुझ्या आईच्या अंगातनं. आता सांग, काय कापलंस तू?" आई चुलीपाशी उभी होती. तुम्ही आवाज चढवला नव्हता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तीन काट्यांची पिन आणून माझ्याकडूनच बसवून घेतलीत.

हे सगळं शिकलेली मुलगी एकोणिसाव्या वर्षी कळंब्याच्या माळ्यावर बसून हिरवी वायर दुमडते. का, ते सांगते, ऐकायला क्षुल्लक वाटेल. त्या दिवशी सकाळी मी दोन ठिकाणी वायर आखूड कापली होती. तुम्ही गवंड्यांसमोर म्हणालात, "मोजून काप की. वायर काय आपल्या रानात पिकती?" गवंडी हसले. त्यातला एक म्हणाला, मिस्त्री, पोरीचं लगीन करून टाका, भाकऱ्या तरी मोजून थापंल. तुम्हीही हसलात, आप्पा. तुम्हाला ते आठवणार नाही, मला त्यांच्या तोंडातली तंबाखू आठवते. दुपारी माळ्यावर लाल जोडली, काळी जोडली आणि हिरवी ओढून बघितली तर वीतभर कमी. तीही मीच कापलेली. तुकडा जोडायचा तर खाली उतरून तुमच्याकडं मागायला हवा, आणि तुम्ही गवंड्यांबरोबर चहा पीत बसलेले. "परत आखूड झाली" हे शब्द घेऊन त्या शिडीवरून उतरणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, ते गेले की संध्याकाळी जोडू. टोकाला टेप गुंडाळला, झाकण लावलं आणि उतरले.

संध्याकाळी तुम्ही मेनबोर्डापाशी उभे होता, कानावर पेन्सिल. प्रत्येक घरात बोर्डाच्या लाकडी झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी वाचणार नाही तिथं, तुम्ही "अर्थिंग पाहिले" असं लिहून खाली सही करायचा. बघितल्याशिवाय लिवायचं न्हाय, हा तुमचा नियम. त्या घराला अजून विजेचं मीटर आलं नव्हतं, म्हणून बल्बनं तपासता येत नव्हतं. एरवी तुम्ही अशा वेळी प्रत्येक पेटी उघडून डोळ्यांनी बघायचा. तुम्ही विचारलंत, "अर्थिंग?" मी म्हटलं, "जोडलं." सकाळचाच तो गवंडी मागून म्हणाला, "मिस्त्री, एकदा बघून घ्या, पोर हाय." आणि तुम्ही त्याच्याकडं न बघता म्हणालात, "तिनं जोडलं म्हटल्यावर मी बघायची गरज न्हाय." पेन्सिल काढलीत आणि लिहिलंत. तुम्ही सकाळच्या हसण्याची भरपाई करत होता, हे मला आज कळतं. त्या वेळी एवढंच कळलं की आता तोंड उघडलं तर तुमची मान त्या माणसासमोर खाली जाईल. मी पिशवी भरायला लागले.

परतताना तुम्ही मोपेड बाजारात थांबवलीत आणि मला रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट घेतलेत, मुलांचे, कारण मुलींचे मिळत नव्हते. कोल्हापुरात राहून चामड्याची चप्पल घालायची नाही म्हणजे कामावर तरी नाही, असं तुम्ही दुकानदाराला समजावून सांगत होता आणि तो बिचारा नुसता मान डोलवत होता. खिळे मारलेलं चामडं ओलं झालं की करंट थांबत नाही, वगैरे. "आजपास्नं ही माझी वायरमन," असंही म्हणालात. मी बूट पायात घातले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तुम्हाला वाटलं आनंदानं.

मीटर आलं त्या दिवशी तुम्हाला ताप होता. तुम्ही बल्ब आणि होल्डर माझ्या हातात देऊन म्हणालात, सगळ्या बोर्डांवर लावून बघ. म्हणजे तुम्हीही अगदीच सोडून दिलं नव्हतं, हे मी तुमच्या बाजूनं लिहून ठेवते. मी गेले. घर माणसांनी भरलेलं, काकूंनी मीटरला हळदकुंकू लावलं, सगळीकडं दिवे लागले, पोरं बटणं दाबून पळत होती. माळ्याखाली सहा-सात बायका पुऱ्या तळत बसलेल्या. त्यांना उठवून शिडी लावायची आणि का लावायची ते सांगायचं. मी हॉलमध्ये बल्ब लावून बघितला, पेटला. शिरा खाल्ला. घरी येऊन सांगितलं, सगळं पेटलं. पहिल्या वर्षी दोनदा आठवण झाली, दोन्ही वेळा जायचं ठरवलं, दोन्ही वेळा काहीतरी निघालं. मग माझं लग्न, आईचं आजारपण, तुमचं. आणि मग मी खरंच विसरले. हे कुणाला पटणार नाही, पण माणूस असल्या गोष्टी विसरू शकतो. दिवा लागत नसता तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं असतं. अर्थिंगची चूक कुणाला बोलावत नाही.

महिन्यापूर्वी मी त्या माळ्यावर किती वेळ बसले माहीत नाही. खालून सून विचारत होती, ताई, सापडलं का. मी म्हटलं, सापडलं. नवी वायर ओढली, पुरेशी लांब, जोडली. स्वयंपाकघराच्या दोन्ही बोर्डांवर बल्ब पेटला. मग चार दिवस लागून मेनबोर्डही बदलला. जुने फ्यूज काढून नवीन बसवले, करंटची गळती झाली की स्वतःहून बंद पडणारं ते यंत्र बसवलं, पाडून दाखवलं. मग पाट काढला आणि काकूंना म्हटलं, पाय जमिनीवर ठेवा आणि धरा फ्रीज. त्यांनी आधी बोटाचं टोक लावलं, मग पूर्ण तळवा टेकवला. म्हणाल्या, "न्हाईत गं मुंग्या." मग हात बघत म्हणाल्या, "म्हंजे माझ्यात काय न्हवतंच?" मी म्हटलं, नव्हतं काकू. त्या बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पोरीच्या हाताला कधी जास्त लागलं असतं, काकू कधी पाट विसरल्या असत्या, फ्रीजच्या आतली वायर एकदा नीट सुटली असती, तर आज मी हे लिहायला बसले नसते आणि कुठल्या तोंडानं जगले असते तेही माहीत नाही.

जुन्या मेनबोर्डाचं झाकण मी काढून भिंतीला टेकवलं होतं. ते काकांच्या हातात पडलं. चष्मा पुसून त्यांनी वाचलं, मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. "अर्थिंग पाहिले." खाली तुमची सही. मग माझ्याकडं वळले. "हितं तर पाहिले म्हणून लिवलंय की. मग?"

सून बघत होती, त्यांचा मुलगा बघत होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते काम माझं होतं काका, आप्पांना मी खोटं सांगितलं. एवढंच. त्याच्या जागी मी म्हणाले, "जुनं काम आहे काका. तेव्हा असंच चालायचं."

तेव्हा असं चालायचं नाही, आप्पा. तुमच्याकडं तर कधीच चाललं नाही, तो एक दिवस सोडून.

काकांनी सहीवरून अंगठा फिरवला. "म्हंजे न बघताच लिवलं." आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी त्या माणसाच्या नावावर बत्तीस वर्षं दुसरा वायरमन दारात उभा केला न्हाय. बायको सांगायची मुंग्या येत्यात, तिलाच येड्यात काढलं." आणि ते झाकण त्यांनी बंबाच्या सरपणावर नेऊन टाकलं. मी उचललं नाही. माझं सामान पिशवीत भरलं, मुलाला नवीन बोर्ड कसा वापरायचा ते समजावलं, महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबायचं ते सांगितलं, आणि निघाले.

तुमच्यावर रागही आहे. तुम्ही का लिहिलंत? एवढा नियमाचा माणूस, एका टवाळ गवंड्याच्या बोलण्यावर नियम मोडतो. पेटी उघडून बघितली असतीत तर मला सगळ्यांसमोर बोलला असता, मी चार दिवस रडले असते आणि संपलं असतं. तुम्ही विश्वास टाकलात आणि मी तो बत्तीस वर्षं पेलू शकले नाही. असं लिहिलं की वाटतं, चूक निम्मी-निम्मी झाली. मग काकूंचा फ्रीजवर टेकलेला तळवा आठवतो आणि वाटणी बसत नाही. त्या दिवसानंतर त्या काळातली मला आठवणारी सगळी घरं मी पालथी घातली, जुनी गिऱ्हाइकं आहेत म्हणून तपासून देते असं सांगून. नऊ घरं झाली. सगळीकडं तुमची पेन्सिल आणि सगळीकडं बल्ब लख्ख. एकाही ठिकाणी तुमचं लिहिणं खोटं निघालं नाही. कळंब्यात जे निघालं ते माझं, आणि तिथं नाव तुमचं गेलं.

जाऊन सांगायचं, असं रोज ठरवते. वीस मिनिटांचा रस्ता आहे. परवा काकांचाच फोन आला. धाकट्या मुलासाठी वरचा मजला चढवतायत, त्याचं सगळं वायरिंग मीच करायचं. म्हणाले, "दुसरं कोण नको. तुझं काम बापापेक्षा पक्कं हाय. मी आता सगळ्यांस्नी तसंच सांगतो." मी एवढंच म्हणाले, "येते काका, सोमवारी."

हा कागद मी कुठं पाठवणार. पाठवायचा तर तो कळंब्याला पाठवायला हवा, आणि तेवढं धाडस असतं तर लिहायची वेळ आली नसती. तो दुकानातच कुठंतरी राहील. एक गोष्ट मात्र, काकांना बाकी सगळं सांगितलं तरी, फक्त तुम्हालाच सांगावी लागेल. बापापेक्षा पक्कं, असं ते म्हणाले, मी फोन ठेवला, आणि आप्पा, मला बरं वाटलं.